मुलांसाठी दिवाळीची भेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की आमचे फोन वाजायला लागतात. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर इथली आम्ही काही घरं मिळून दरवर्षी दिवाळीआधी इंदूरमधल्या गरजू मुलांसाठी भेटीच्या पिशव्या तयार करतो. फोन करणारे दोन प्रकारचे असतात : ज्यांना काही द्यायचं आहे ते, आणि ज्यांच्या घरी मुलं आहेत ते. दोघांचे प्रश्न इथे मुद्दाम एकत्र ठेवले आहेत. देणाऱ्यांनी घेणाऱ्यांचे प्रश्नही वाचावेत, अशी मनापासून इच्छा आहे.

पिशवीत नेमकं काय असतं?

नव्या कपड्यांचा एक जोड, पायाच्या मापाचे बूट किंवा सँडल, मुलाने स्वतः मागितलेली एक वस्तू आणि सगळ्या घराला पुरेल इतका फराळ. शिवाय उटण्याची पुडी, साबणाची वडी आणि चार पणत्या. कपडे शाळेचे नसतात. गणवेश आज ना उद्या कुठून तरी मिळतो. सणाला घालायचा, आपल्या आवडत्या रंगाचा कपडा मात्र या मुलांना सहसा कुणी देत नाही.

दिवाळीच का? वर्षभर का नाही?

इंदूर हे गिरण्यांचं गाव. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल, स्वदेशी मिल. गिरणीचा भोंगा वाजत होता तोवर दिवाळीचा बोनस हातात पडायचा आणि त्याच आठवड्यात मुलांचे कपडे शिंप्याकडे जायचे. बोनसचा कायदा १९६५ चा. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाकाठी साधारण एका महिन्याचा पगार. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्याचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं. तेवढ्यात त्या घरांतली मुलं मोठी झाली आणि त्यांनाही मुलं झाली.

आमच्या यादीतली बरीचशी घरं याच पट्ट्यातली : परदेशीपुरा, बाणगंगा, मालवा मिलच्या मागच्या गल्ल्या. वडील हमालीला, रोजंदारीला किंवा ई-रिक्षावर. आई चार घरची धुणीभांडी करते. यांना बोनस कोण देणार? बोनसची सक्ती वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या जागेलाच आहे. त्यातून दिवाळीचे चार-पाच दिवस बाजार आणि बांधकामं बंद, म्हणजे रोजही बुडतो. वर्षातला सगळ्यात खर्चाचा आठवडा आणि नेमकी त्याच आठवड्यात कमाई नाही. पोरं तर शेजारच्या घरचे कंदील बघतच असतात.

वर्षभराचं काम करणाऱ्या संस्था इंदूरमध्ये आहेत आणि त्यांचं काम आमच्याहून मोठं आहे. आम्ही हा एक आठवडा धरला आहे.

कोणत्या मुलांना भेट मिळते? निवड कोण करतं?

चौदा वर्षांपर्यंतच्या कुठल्याही मुलाला. नावं आम्हाला अंगणवाडी कार्यकर्त्या, सरकारी शाळेतल्या शिक्षिका आणि वस्तीतल्या बचत गटाच्या बायका देतात. कुठल्या घरात या महिन्यात चूल नीट पेटलेली नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं.

उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार यातलं आम्ही काहीही मागत नाही. यावर लगेच पुढचा प्रश्न येतो.

मग फसवणूक होत नाही?

होते, थोडी. एखादं घर दोन जणींकडे नाव देतं आणि एका मुलीला दोन फ्रॉक मिळतात. कागद मागायला लागलो तर ज्याच्याकडे कागदच नाहीत अशा मुलाला एकही मिळणार नाही, आणि ज्या घरात कागद नसतात तिथली गरज बहुतेक वेळा सगळ्यात मोठी असते. दोन फ्रॉकची चूक आम्ही सोसू शकतो. दुसरी चूक सोसवत नाही.

आम्हाला आमच्या मुलांची नावं द्यायची आहेत, पण संकोच वाटतो. कुणाला कळेल का?

हा फोन बहुधा रात्री साडेनऊनंतर येतो आणि बोलणारी व्यक्ती बऱ्याचदा मराठीत बोलते. नोकरी गेलेली असते, घरात मोठं आजारपण निघालेलं असतं, किंवा नवरा वारलेला असतो. घर चांगल्या वस्तीत असतं, पण भाडं थकलेलं असतं. आधी 'शेजारच्या एका कुटुंबासाठी विचारतेय' असं सांगितलं जातं. आम्ही खोदून विचारत नाही.

तुमचं नाव एकाच वहीत लिहिलं जातं आणि ती वही एकाच व्यक्तीकडे असते. मुलाची इच्छा लिहिलेल्या चिठ्ठीवर आणि पिशवीवर फक्त नंबर असतो. तुमच्या गल्लीत राहणारा कार्यकर्ता तुमच्याकडे कधीच पाठवत नाही. सुदामा नगरच्या घरी राजेंद्र नगरची मावशी जाते, आणि राजेंद्र नगरच्या घरी सुदामा नगरची. पिशवी न्यायला इतरांबरोबर यायचं नसेल तर वेगळी वेळ ठरवू. निःसंकोच फोन करा. 'शेजारच्या कुटुंबासाठी' म्हणूनच करा हवं तर.

नावनोंदणी कधी असते?

घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत. कोजागिरीपर्यंत मापं आणि चिठ्ठ्या गोळा होतात, पुढच्या आठवड्यात खरेदी, आणि वसुबारसेच्या दोन दिवस आधी वाटप संपतं. दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत सतराच दिवस हाती असतात, म्हणून उशिरा आलेल्या नावांना कपडे-फराळ नक्की मिळतो, पण मागितलेली वस्तू मिळेलच असं सांगता येत नाही.

बांधकामावरच्या मुलांचं काय? ती तर दिवाळीला इथे नसतात.

बरोबर, आणि हे समजायला आम्हाला दोन वर्षं लागली. सुपर कॉरिडॉरवर, बायपासच्या बाजूला ज्या इमारती उभ्या राहतात, तिथे झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडची कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. दिवाळी जवळ आली की त्यातली बरीच गावाकडे निघतात. पहिल्या वेळी आम्ही धनत्रयोदशीला पिशव्या घेऊन गेलो तेव्हा खोल्यांना कुलपं होती आणि चौकीदार एकटा विडी ओढत बसला होता.

आता या मुलांच्या पिशव्या कोजागिरीच्या आसपासच पोहोचवतो. त्यात पणत्यांऐवजी टॉर्च असतो आणि कपडे घट्ट बांधून देतो, कारण पुढे बसचा प्रवास असतो. फराळही टिकणारा. भगोरियाच्या सणाला, म्हणजे होळीच्या आधी, ही कुटुंबं पुन्हा गावी जातात. तेव्हाही मुलांना काही द्यावं असं मनात आहे, पण अजून हात पोहोचलेला नाही.

चिठ्ठी म्हणजे काय?

मुलाने स्वतः सांगितलेली एक इच्छा. देणारा ती चिठ्ठी उचलून त्यातली वस्तू आणू शकतो. लिहिता येत असेल तर त्यानेच लिहायची, नाहीतर आमची मावशी लिहिते, त्याच्या शब्दांत आणि बहुतेक वेळा हिंदीत. 'बॅट, पर प्लास्टिक की नहीं.' 'गुलाबी वाला कंपास.' 'कैरम, जिसमें पाउडर भी हो.' आम्ही फक्त एवढंच सांगतो की सायकल आणि मोबाईल आमच्या आवाक्यात नाही. बाकी सुधारणा करत नाही. मूल बाहुली म्हणालं तर बाहुलीच आणायची, शब्दकोश नाही. देणाऱ्यांपैकी काहींना वाटतं की खेळण्यापेक्षा 'उपयोगी' काही द्यावं. ज्या मुलाचं सगळं आयुष्यच उपयोगी वस्तूंवर चाललं आहे, त्याला एक तरी निरुपयोगी वस्तू मिळू द्या.

एका नऊ वर्षांच्या मुलीने चिठ्ठीत लिहिलं होतं, 'ताला-चाबी वाली पेटी.' आम्हाला कळेना, एवढीशी पोर कुलूप कशाला मागते? मावशी पुन्हा जाऊन विचारून आली. एका खोलीत सात माणसं. हिची रंगीत खडूंची डबी धाकटा भाऊ घेतो, वही चुलतभाऊ फाडतो, रबर आजीच्या हाताला लागतं आणि हरवतं. त्या घरात फक्त तिची म्हणावी अशी एकही जागा नव्हती. बर्तन बाजारातून पत्र्याची छोटी पेटी आणली, वर पितळी कुलूप, दोन किल्ल्या. एक किल्ली आईने गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवून घेतली, दुसरी मुलीने.

मापं कशी घेता? वयावरून कपडे घेतले तर चालत नाही का?

नाही चालत. दुकानातलं 'आठ वर्षं' हे पोटभर जेवणाऱ्या मुलाचं माप असतं. आमच्या यादीतल्या आठ वर्षांच्या मुलाला पुष्कळदा सहाचा शर्ट बसतो, आणि पँटची लांबी मात्र आठची लागते. म्हणून टेपने छाती, कंबर आणि उंची अशी तीन मापं घेतो आणि दुकानात नंबर सांगतो : चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. कपडा नेहमी एक नंबर मोठा घेतो. पुढच्या दिवाळीपर्यंत तो अंगावर राहणार आहे, हे विसरून चालत नाही.

पायाची पद्धत आम्हाला एका चर्मकार काकांनी शिकवली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर मुलाला दोन्ही पायांवर भार देऊन उभं करायचं (बसून घेतलेलं माप लहान निघतं) आणि पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ ओढायची. मुलांना गुदगुल्या होतात, पाय हलतो, पुन्हा काढावं लागतं. मग ते पाऊल कात्रीने कापायचं, त्यावर मुलाचा नंबर लिहायचा आणि तो कागद बुटाच्या दुकानात न्यायचा. कागदी पाऊल बुटात न मुडपता सरकलं पाहिजे आणि पुढे अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. खरेदीच्या दिवशी आमच्या एका काकूंच्या पिशवीत अशी ढीगभर कागदी पावलं असतात, दोऱ्याने वस्तीवार बांधलेली.

मी माझ्या हाताने मुलाला भेट देऊ शकते का? माझ्या मुलालाही ते दाखवायचं आहे.

नाही. या उत्तराने दरवर्षी काही जण दुखावतात, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही हॉल घेतला, स्टेज सजवलं, पाहुणे बोलावले. एकेका मुलाचं नाव पुकारायचं, मूल वर यायचं, पाहुण्यांच्या हस्ते भेट, फोटो, टाळ्या. सहा-सात वर्षांची एक मुलगी वर आली. तिच्या हातात सँडल दिली आणि कुणीतरी कौतुकाने म्हणालं, 'घालून दाखव बरं.' सँडल लहान होती. माप आम्हीच अंदाजाने घेतलं होतं. तिने बोटं आत कोंबली, टाच बाहेर राहिली, आणि फोटो होईपर्यंत ती चवड्यांवर तशीच उभी राहिली. तिची आई शेवटच्या रांगेत होती, तोंडाशी पदर धरून. मुलगी खाली आल्यावर आई हळूच म्हणाली, 'बोल देती ना, छोटी है.' ती म्हणाली, 'सब देख रहे थे ना.'

मी त्या दोघींच्या मागे खुर्च्या उचलत होते, म्हणून ऐकू आलं.

त्या दिवसाचा सगळा दोष आमचा. त्यानंतर आम्ही कधीच स्टेज बांधलं नाही. भेट आता आईबापांच्या हातात जाते. ते ती घरी नेतात, डाळीच्या डब्यामागे नाहीतर गादीखाली लपवतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे किंवा लक्ष्मीपूजनाला बाहेर काढतात. मुलाला एवढंच कळतं की यंदा आईने फ्रॉक आणला, पप्पांनी बॅट आणली. आमचं नाव पिशवीवर नसतं आणि तुमचंही नसतं. तुम्ही तुमचा लहानपणचा दिवाळीचा कपडा आठवून पाहा. तो कुणी आणला होता? आमच्या यादीतल्या मुलांनीही मोठेपणी त्या प्रश्नाला तेच उत्तर द्यावं, एवढ्यासाठी हे सगळं.

तुमच्या मुलाला दाखवायचंच असेल तर खाली सांगितलेल्या कामांपैकी एखादं त्याला करू द्या.

मग वाटप प्रत्यक्षात कसं होतं?

दोन संध्याकाळी, सात ते साडेनऊ, कारण त्याआधी कामावरची माणसं परतत नाहीत. फक्त पालक येतात. रांग नसते. प्रत्येकाला अर्ध्या तासाची वेळ आधीच दिलेली असते. बसायला खुर्ची आणि चहा असतो.

मागितलेली वस्तू नंबर लावलेल्या बंद पिशवीत तयार असते, पण कपडे पालक स्वतः निवडतात. दोऱ्या बांधून मापावार शर्ट आणि फ्रॉक टांगलेले असतात. यात वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा लागतो. एका वडिलांनी एका शर्टासाठी वीस मिनिटं घेतली. कापड चिमटीत धरून चोळलं, शर्ट उलटा केला, बगलेची शिवण दिव्यापुढे धरली आणि परत टांगला. 'इसकी सिलाई खुल जाएगी.' ते रेडिमेडच्या कारखान्यात काज-बटणाचं काम करणारे निघाले. त्यांनी तीन शर्ट बाजूला काढून दिले, तिन्हींची शिवण खरोखरच कच्ची होती. पुढच्या वर्षीपासून ते आमच्याबरोबर खरेदीला येतात आणि दुकानदार त्यांच्यापुढे जरा जपून माल काढतो.

फोटो काढता येतील का? सोशल मीडियावर टाकायला?

पिशव्यांचे काढा, कागदी पावलांचे काढा, फराळाचे काढा. मुलांचे आणि पालकांचे नाही. बालगृहातल्या मुलांबाबत तर हा कायद्याचाच भाग आहे : बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही प्रसिद्ध करता येत नाही. बाकी मुलांना आम्ही तोच नियम लावतो. कंपनीच्या अहवालासाठी फोटो लागतात असं सांगणाऱ्यांना आम्ही बिलं आणि हिशेब देतो. एक-दोन मोठ्या देणग्या या नियमापायी परत गेल्या आहेत.

घरातले जुने पण चांगले कपडे, खेळणी द्यायची आहेत.

दिवाळीच्या साफसफाईत हा प्रश्न हमखास येतो. भेटीत आम्ही जुनं काही घालत नाही. कपडा कितीही चांगला असला तरी कॉलरच्या आतली रेघ मुलांना दिसते. शहरात महापालिकेची वापरलेल्या वस्तू घेणारी आरआरआर केंद्रं आहेत, तिथे धुऊन, घड्या घालून द्या. कचरा वेगळा करण्यात या शहराने नाव कमावलं आहे, कपडे वेगळे करणं त्या मानाने सोपं.

अपवाद दोन : गोष्टींची पुस्तकं, पानं पूर्ण असतील तर. आणि चालती सायकल. ती आम्ही दुरुस्त करून, रंगवून, लांबच्या शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलींना देतो, पण दिवाळीची भेट म्हणून नाही, एरवी.

खेळणी विकत घेताना काय पाहायचं?

आयएसआयची खूण. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे, तरी सणाच्या गर्दीत बिनखुणेचा माल मिळतोच. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सव्वा इंचाच्या नळीत जाईल असा सुटा भाग नको. डोळे चिकटवलेली बाहुली नको, डोळे भरतकामाचे असलेली घ्या. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारं खेळणं असेल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं पाहिजे. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. या वस्त्यांतून इस्पितळात पोहोचायलाच तेवढा वेळ जातो.

बंदुका घेत नाही. फटाकेही देत नाही. २०२५ च्या दिवाळीत आपल्याच राज्यात कार्बाईडच्या घरगुती तोफांनी कितीतरी मुलांचे डोळे भाजले. मुलांनी फटाके मागितले तर पालकांशी बोलतो आणि दुसरी चिठ्ठी लिहून घेतो.

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना काय द्यावं? त्यांच्यासाठी देणारे कमी असतात का?

खूपच कमी. लहानग्यांच्या चिठ्ठ्या दसऱ्याआधीच कुणी ना कुणी उचलतं, आणि तेरा वर्षांच्या मुलांच्या चिठ्ठ्या शेवटपर्यंत टेबलावर राहतात. खेळणी आवडण्याचं वय गेलेलं आणि मागायला लाज वाटण्याचं वय आलेलं. 'कुछ भी चलेगा' हे त्यांचं नेहमीचं उत्तर. ते खरं नसतं. मावशीने दुसऱ्यांदा, धाकट्यांना बाहेर पाठवून विचारलं की मग कळतं : मनगटी घड्याळ, मित्रांसारखी पाठीवरची बॅग, जीन्स, क्रीम, चांगला कंगवा आणि आरसा, बॅडमिंटनची रॅकेट, मुलांना डिओ. मुलींच्या पिशवीत आम्ही आतल्या कपड्यांचा जोड आणि सॅनिटरी पॅड वेगळ्या कापडी पिशवीत ठेवतो, न विचारता आणि न सांगता. ही वेगळी पिशवी एका मुलीच्या आईने सुचवली.

तुम्हाला एकच चिठ्ठी घ्यायची असेल तर कृपया तेरा वर्षांच्या मुलाची घ्या.

घरी केलेला फराळ चालतो का?

चालतो, आणि फार हवा असतो. चिवडा, शेव, शंकरपाळे, चकली, बेसनाचे लाडू, मठरी. खव्याचं काही नको, नारळाच्या करंज्या नकोत. आमच्या वाटपापासून लक्ष्मीपूजनापर्यंत जवळजवळ आठवडा जातो. तेल ताजं घ्या. दुसऱ्यांदा तापवलेल्या तेलातली चकली चार दिवसांत खवट लागते आणि खाणारा ते सांगत नाही, तिथेच तर आपली जबाबदारी. पूर्ण गार झाल्यावरच भरा. जाड पिशवीत भरा, वर केल्याची तारीख लिहा, दाणे किंवा तीळ घातले असतील तर तेही लिहा.

एक सांगायचं राहिलं. पोहे पातळच घ्या, जाड्याचा चिवडा प्रवासात दगड होतो.

एका मुलामागे खर्च किती येतो?

सध्या आम्ही १,२०० रुपये धरतो : कपडे ५००, पादत्राणं ३००, मागितलेली वस्तू २५०, फराळ आणि बाकीचं १५०. कपडे सीतलामाता बाजार आणि क्लॉथ मार्केटच्या बाजूने, वह्या-रंग खजुरी बाजारातून, खेळणी रानीपुऱ्यातून घेतो. ठोक घेतल्याने पैसे वाचतात. म्हणून एकटी वस्तू आणून देण्यापेक्षा तेवढे पैसे देणं आम्हाला सोयीचं पडतं. तुम्हाला स्वतः खरेदी करायची हौस असेल तर चिठ्ठी घ्या, पण वस्तू चिठ्ठीतलीच आणा.

देणगीवर करसवलत मिळते का?

आयकरातली '८०जी' म्हणून ओळखली जाणारी वजावट पैशांच्या देणगीवर मिळते, वस्तूंवर नाही. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर मिळत नाही. नवी कररचना निवडली असेल तरीही मिळत नाही. पावतीसाठी पॅन लागतो.

मुलगा अमेरिकेत असतो. तो पैसे पाठवू शकतो का?

पासपोर्ट कुठला ते पाहावं लागतं. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर चालेल. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी धरली जाते आणि ती घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी आमच्याकडे नाही. कुणाच्या खात्यातून वळवून देऊ नका. तो सुट्टीत येईल तेव्हा मापं घ्यायला पाठवा.

ही भेट फक्त दिवाळी करणाऱ्यांनाच मिळते का?

नाही. वस्तीतल्या सगळ्या मुलांना मिळते. शेजारच्या पोराने नवा शर्ट घातला आणि आपल्याला नाही, हे कुठल्याही घरच्या मुलाला सारखंच लागतं. मुस्लिम घरांच्या पिशवीत पणत्या-उटणं ठेवायचं की नाही ते आधी विचारतो. बहुतेक जणी म्हणतात, 'रहने दो, बच्चे जलाएँगे.' काहींना तेच कपडे ईदसाठी जपून ठेवायचे असतात, म्हणून माप आणखी एक नंबर वाढवून देतो.

इस्पितळात दाखल असलेल्या मुलांना देता का?

वॉर्डच्या नर्सताईंना विचारूनच. मऊ, केसाळ खेळणी आणि घरचा फराळ तिथे नेत नाही. पुसता येईल अशी वस्तू, रंग, चित्रं काढायची वही. सोबत रात्रंदिवस बसलेल्या आईसाठी एक साडी किंवा कुर्ता.

दरवर्षी त्याच मुलाला भेट देता येईल का? त्याच्याशी ओळख करून द्याल?

तोच नंबर तुम्हाला देऊ शकतो, ओळख करून देत नाही. देणाऱ्याचा फोन मुलाला नाही आणि मुलाचा देणाऱ्याला नाही. मापं घ्यायला जाणाऱ्या दोघीही कधी मुलाबरोबर एकट्या थांबत नाहीत, पालक समोर असतात. घरभेटीत मुलाला मारहाण किंवा काही वावगं दिसलं तर आपसात कुजबुजत बसायचं नाही, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवायचं. हे आम्ही प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला पहिल्या दिवशी सांगतो.

मला वेळ देता येईल. आणि माझ्या मुलांना काय करता येईल?

मोठ्यांसाठी मापं, खरेदी, वाहतूक, वही सांभाळणं. गाडी असलेल्या माणसाची आम्हाला फार गरज असते. मुलांना पणत्या रंगवणं, आकाशकंदील करणं, चिठ्ठीचा नंबर लावलेल्या वस्तू कागदात गुंडाळणं अशी कामं जमतात. चिकटपट्टी लावणारी दहा वर्षांची मुलं 'हे कुणासाठी?' विचारतात. 'एका मुलासाठी,' एवढंच सांगतो.

एका दिवसाच्या भेटीने काय होणार? तेच पैसे शिक्षणाला दिले तर?

प्रश्न रास्त आहे आणि विचारणारे बहुतेक वेळा मनापासून विचारतात. भेटीने गरिबी जात नाही. आम्ही तसं कधी म्हटलेलंही नाही. पण मापं घ्यायला घरात गेल्यावर दिसतं की सात वर्षांची मुलगी दुपारी घरीच आहे, धाकट्याला सांभाळते आहे. शिक्षणाचा हक्क सहा ते चौदाच्या मुलांना २००९ च्या कायद्याने दिला आहे, खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागाही राखीव आहेत. त्यांचे ऑनलाइन अर्ज आणि लॉटरी या आईला कुठून माहीत असणार? ज्यांच्या घरी असं दिसतं तिथे आमच्यातल्या दोन निवृत्त शिक्षिका पुन्हा जातात आणि अर्ज भरून देतात.

मात्र 'शाळेत घातलं तर भेट देऊ' असं आम्ही कधीच म्हणत नाही. शिक्षणासाठी द्यायचे असतील तर जरूर द्या, वेगळे द्या. मुलाने आनंदासाठीही पात्रता सिद्ध करावी, हे आम्हाला मान्य नाही.

बूट लहान निघाले, खेळणं बंद पडलं तर?

तुळशीच्या लग्नापर्यंत बदलून मिळतं, कारण न विचारता. पिशवीवरचा नंबर सांगायचा, बस्स. एका वर्षी रिमोटच्या गाड्यांचा अख्खा खोका सदोष निघाला आणि विकणाऱ्याने हात वर केले. आता प्रत्येक सेलवरचं खेळणं पिशवीत घालण्याआधी दहा मिनिटं चालवून पाहतो.

पिशवी न्यायला कुणी आलंच नाही तर?

दुसऱ्या दिवशी मावशी घरी जाऊन येते. बहुतेक वेळा कुणी आजारी असतं किंवा कामावरून सुटका झालेली नसते. कधी खोलीला कुलूप असतं आणि शेजारीण सांगते की ते लोक खोली सोडून गेले. अशा पिशव्या आम्ही दुसऱ्याला देऊन टाकत नाही, मागितलेली वस्तू त्याच मुलाची असते. नंबर लावून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतो. फराळ तेवढा काढून घेतो.

एकदा जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, मूसाखेडीहून एक बाई आली. पर्समधून दोनदा दुमडलेली चिठ्ठी काढून तिने नंबर दाखवला. पिशवी खाली काढली. बॅट होती, शर्ट होता. बूट बाहेर काढून आम्ही तिला म्हटलं, 'बेटे का पैर एक बार फिर नापना पड़ेगा, तीन महीने हो गए.' तिने वर्तमानपत्र मागितलं. मुलगा बाहेर रिक्षात बसला होता.